लेडकेअर टू : रक्तातलं शिसं मोजणारं यंत्र, झाम्फारात आणि विट्यात वापरल्यावर

लेडकेअर टू हे रक्तातलं शिसं मोजायचं यंत्र आहे. टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढं, चार पेन्सिल सेलवर चालणारं. बोटातून थोडं रक्त घ्यायचं, तीन मिनिटं थांबायचं, पडद्यावर आकडा येतो. मी ते दोन ठिकाणी वापरलं. आधी नायजेरियातल्या झाम्फारा राज्यात, जिथे घरगुती सोनं काढण्याच्या कचऱ्याने शेकडो लहान मुलं दगावली, आणि आता सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या लॅबमध्ये, जिथे मी टेक्निशियन आहे आणि दारात गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची, कुटुंबं येतात. हल्ली आमच्या भागातले लॅबवाले फोन करून विचारतात, घ्यावं का हे यंत्र? प्रत्येकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

माझं मत आधीच सांगते. यंत्र चांगलं आहे. पण आकडा वाढलेला आला तर त्या माणसाच्या घरी जाऊन शिसं कुठून येतंय हे शोधायची तयारी नसेल, तर घेऊ नका. का म्हणते ते झाम्फाराशिवाय सांगता येणार नाही.

झाम्फारा नायजेरियाच्या वायव्येला. ज्वारी-बाजरीचा, कमी पावसाचा मुलूख, खानापूर-आटपाडीच्या माणसाला तिथलं शिवार परकं वाटणार नाही. सोन्याचे भाव चढले तसे तिथले शेतकरी जवळच्या टेकड्यांत खणायला लागले. खडक फोडून पोत्यातून घरी आणायचा, हातोडीने बारीक करायचा, पिठाच्या चक्कीत दळायचा, पाण्याने धुवून जड गाळ वेगळा काढायचा, त्यात पारा घोळायचा आणि शेवटी पारा जाळून सोनं मोकळं करायचं. लग्न झालेल्या बायका तिथे बहुतेक घराच्या आवारातच असतात. त्यामुळे दगडच आवारात यायचा. फोडणं, दळणं, वाळवणं, सगळं चुलीच्या आणि पाळण्याच्या शेजारी.

त्या खडकात सोन्याबरोबर शिसं होतं, आणि खूप होतं. त्यातलं बरंचसं कार्बोनेटच्या रूपात, म्हणजे पोटातल्या आम्लात सहज विरघळेल असं. सोनं निघायचं चिमूटभर. बाकीचं सगळं तिथेच राहायचं. दळताना उडालेली धूळ भिंतीवर आणि अंथरुणावर, धुतलेला गाळ अंगणाच्या कोपऱ्यात, न धुतलेली पूड पोत्यात. त्याच चक्कीत दुसऱ्या दिवशी घरचं धान्य दळलं जायचं. रांगणारं मूल हात जमिनीवर टेकतं आणि मग तोंडात घालतं. दिवसभर हेच चालायचं.

२०१० च्या सुरुवातीला तिथली मुलं झटके येऊन मरायला लागली. आधी मलेरिया समजले, मग मेंदूज्वर समजले, औषधं दिली, गुण येईना. मार्चमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या पथकाने या मृत्यूंकडे लक्ष वेधलं आणि रक्ताच्या तपासणीत शिसं निघालं. त्यानंतर दारेता आणि यारगलमा या दोन गावांत घरोघर पाहणी झाली. मागच्या वर्षभरात पाच वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एक मूल गेलं होतं. गेलेल्यांपैकी ८२ टक्के मुलांना आधी झटके आले होते. जी उरली होती त्यांतल्या २०४ मुलांचं रक्त तपासलं, तर ९७ टक्के मुलांत शिसं ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त निघालं. ४५ ही औषध सुरू करायची पातळी. ५ आला तरी मुलाला शिसं कुठून मिळतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकूण चारशेहून जास्त मुलं गेली.

मी तिथे गेले ती नंतर, आन्का नावाच्या गावातल्या लॅबमध्ये, एका संस्थेतर्फे. तेव्हा बहुतेक गावांतली शिसं मिसळलेली माती काढून गावं साफ झाली होती, बागेगा हे गाव व्हायचं होतं. माझं काम बोटातून रक्त घेणं आणि हे यंत्र चालवणं.

आता यंत्राकडे येते. बारीक नळीत ५० मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, बुडबुडा येऊ द्यायचा नाही. नळी बाहेरून पुसायची आणि आतलं रक्त रिएजंटच्या बाटलीत सोडायचं. रिएजंट म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल. बाटली उलटसुलट केली की तांबड्या पेशी फुटतात, त्यांनी धरून ठेवलेलं शिसं सुटतं आणि लाल रंग तपकिरी होतो. पुरता तपकिरी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग ड्रॉपरने एक थेंब सेन्सरच्या पट्टीवर, जिथे फुलीची खूण आहे तिथे. पुढचं यंत्र करतं. विजेच्या दाबाने शिसं इलेक्ट्रोडवर आणून बसवतं, मग उलटा दाब देऊन सोडवतं, आणि सुटताना जो प्रवाह मिळतो त्यावरून प्रमाण काढतं. पट्टीवरचा तो इलेक्ट्रोड सोन्याचा असतो. शिशासाठी सोनं चांगलं काम देतं म्हणून तसा. आन्कात मी रोज त्या पट्ट्या हाताळायची, आणि ज्या बायकांनी सोन्यासाठी दगड फोडला त्यांच्याच लेकरांचं रक्त त्या सोन्यावर टाकायची. हे मनातून कधीच गेलं नाही.

तीन मिनिटांत निकाल, ही या यंत्राची सगळ्यात मोठी जमेची बाजू. मोठ्या लॅबमधली तपासणी जास्त अचूक असते, पण तिथून रिपोर्ट येईपर्यंत आई मुलाला पाठीला बांधून चार कोस चालत परत गेलेली असते, आणि ती पुन्हा येईलच याची खात्री नसते. इथे ती समोर बसलेली असतानाच सांगता येतं. दुभाषी बाई तिच्या शेजारी बसून हाउसा भाषेत समजावते, पुढच्या तारखेची चिठ्ठी तिथल्या तिथे हातात जाते. खेड्यात काम केलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पण अख्ख्या तपासणीत सगळ्यात नाजूक काम यंत्राचं नाही, बोट धुण्याचं आहे. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. बोटावर शिशाची धूळ असेल तर ती रक्ताच्या थेंबात उतरते आणि आकडा फुगतो. रक्तातलं शिसं मोजलं असं आपल्याला वाटतं, मोजलेली असते कातडीवरची धूळ. झाम्फारात तर मुलाच्या नखात, मनगटाच्या वळ्यांत, आईच्या पदराच्या टोकाला, सगळीकडे ती असायची. म्हणून आमची पद्धत ठरलेली. मुलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, नखं ब्रशने घासायची. पाणी विहिरीचं नाही, तळ्याचं तर नाहीच, कारण त्याच पाण्यात गाळ धुतला जायचा. आपण आणलेलं शुद्ध पाणी. तिथे प्रत्येक घरात हातपाय धुवायला चोचीचं प्लास्टिकचं भांडं असतं, त्याला बुटा म्हणतात. आया ते घेऊन पुढे यायच्या, त्यांची नेहमीची सवय ती. ते भांडं बाजूला ठेवायला सांगताना वाईट वाटायचं, पण ते अंगणात पडलेलं असायचं. धुतल्यावर हात कशालाही लागू द्यायचा नाही. पुसायला नवा टिश्यू. मग स्पिरिट, ते पूर्ण वाळू द्यायचं. टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसऱ्यापासून घ्यायचं. हातमोजे पावडर नसलेले. आणि टेबल दर मुलानंतर ओल्या फडक्याने पुसायचं, झटकायचं नाही.

धुऊन झाल्यावर मूल पुन्हा जमिनीला हात लावू बघायचं. म्हणून टोचेपर्यंत त्याचं मनगट कुणीतरी हवेत धरून ठेवायचं. आईच धरायची बहुतेक. ती जमिनीकडे बघायची, आपल्याकडे बघायची आणि काही न विचारता तिला कळायचं की आपण जमिनीला घाबरतोय. पोस्टर लावून जे सांगता येत नव्हतं ते त्या एका कृतीतून पोचायचं, असा माझा अनुभव आहे. विट्यातही मी हात धुणं बेसिनपाशी पाठवून देत नाही, स्वतः उभी राहून करते.

आता मर्यादा. हे यंत्र ३.३ पासून ६५ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजतं. खाली गेलं तर ‘लो’ दाखवतं, वर गेलं तर ‘हाय’. ज्या देशांसाठी ते बनवलं तिथे ६५ ही कमाल पुष्कळ झाली. झाम्फारात पडद्यावर ओळीने ‘हाय’ यायचं. हाय म्हणजे ७० की २५०, हे कळायला मार्ग नाही, आणि डॉक्टरांना तेच कळायला हवं असतं. कुठल्या मुलाला आज दाखल करायचं, कुणाला घरी औषध देता येईल, दाखल झालेल्याचा आकडा उतरतोय की नाही. त्यासाठी रक्त ठरावीक प्रमाणात पातळ करून पुन्हा मोजायचं आणि आलेला आकडा त्या पटीने वाढवायचा, ही पद्धत झाम्फाराच्या कामातून पुढे आली. संशोधकांनी ती तपासून २०१४ मध्ये प्रसिद्धही केली. आपल्याकडच्या लॅबने ती परस्पर करू नये. इथे ‘हाय’ आलं तर शिरेतून रक्त घेऊन मोठ्या लॅबला पाठवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

दुसरी मर्यादा उष्णतेची. यंत्र १२ ते ३६ अंशांतच चालवा असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. एप्रिलमध्ये झाम्फारात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे गावात फक्त रक्त घेऊन रिएजंटमध्ये मिसळायचं आणि बाटल्या थंड पेटीतून आन्काला आणून एसीच्या खोलीत मोजायच्या. मिसळलेलं रक्त खोलीच्या तापमानाला ४८ तास टिकतं, ही सोय खरंच मोठी आहे. विटा, जत, माण या भागात शिबिर घेणार असाल तर उन्हाळ्यात असंच करा. पत्र्याच्या शाळेत दुपारी यंत्र मांडून बसू नका.

प्रत्येक किटबरोबर कॅलिब्रेशनचं एक बटण येतं. किट बदललं की बटण यंत्राला लावून नवा कोड भरायचा आणि पट्ट्यांच्या डबीवरच्या कोडशी पडताळायचा. सोबत दोन कंट्रोल, म्हणजे शिशाचं प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने असतात, ते चालवूनच कामाला लागायचं. कामाच्या गर्दीत पहिल्यांदा वगळलं जातं ते हेच, आणि वगळलेलं नंतर कळायचा काही मार्ग नसतो.

या यंत्राचा इतिहास विकत घेणाऱ्याला माहीत असायला हवा, म्हणून तोही सांगते. शिरेतून काढलेल्या रक्तावर हे यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१७ मध्ये दिला. बोटातलं रक्तच वापरा, असं सांगितलं. २०२१ मध्ये कमी आकडा दाखवणारे किट बाजारातून परत घेतले गेले. आणि कंपनीला या दोषांबद्दल आधी माहिती होती, ती लपवली, हा खटला अमेरिकेत चालून २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि चार कोटी वीस लाख डॉलर भरायचं मान्य केलं. हे सगळं जाहीर आहे. मला याचा राग आहे. आकडा जास्त दाखवला तर फार तर मूल पुन्हा तपासलं जातं. कमी दाखवला तर त्याला ‘सगळं ठीक आहे’ म्हणून त्याच मातीत परत पाठवलं जातं. तरीही मी यंत्र वापरते, कारण बोटातलं रक्त, तपासलेला लॉट आणि रोजचे कंट्रोल एवढं सांभाळलं तर कामाचा आकडा मिळतो, आणि दारात आलेल्या माणसासमोर तीन मिनिटांत उत्तर देणारं माझ्या हाताशी दुसरं काही नाही.

आता बागेगा. माझ्या मताचं मूळ तिथे आहे. हे आधीच्या गावांपेक्षा मोठं गाव. तिथे दळायच्या आणि धुवायच्या जागाही मोठ्या, गाळ तळ्याच्या काठापर्यंत पसरलेला, गुरं त्याच तळ्यावर पाणी प्यायची. २०१० आणि २०११ मध्ये सात गावं साफ झाली, बागेगाचा पैसा सरकारकडून यायला २०१३ उजाडलं. तोवर तिथल्या मुलांना औषध सुरू करता येत नव्हतं. औषधाचं नाव डीएमएसए. ते रक्तातलं शिसं धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. १९ दिवसांचा एक कोर्स, कॅप्सूल उघडली की गंधकाचा उग्र वास येतो. पण मूल औषध घेऊन त्याच अंगणात रांगणार असेल तर जेवढं काढलं तेवढं पुन्हा आत जातं. म्हणून डॉक्टरांचा नियम होता, आधी माती, मग औषध. तो नियम बरोबरच होता. पण बागेगाहून आलेल्या बाईच्या मुलाचा आकडा तिला सांगायचा आणि औषध आज देता येत नाही हेही सांगायचं, हे काम माझ्या खुर्चीवर बसूनच व्हायचं. तिथले लोक या रोगाला गुबर दल्मा म्हणतात, शिशाचं विष. बायकांना ते नाव तोंडपाठ झालं होतं. त्या विचारायच्या एवढंच, की फावडी कधी येणार.

फावडी आली फेब्रुवारी २०१३ च्या सुमाराला. अंगणाची वरची काही सेंटिमीटर माती खरवडून पोत्यात भरायची, गावाबाहेर खास खड्ड्यात पुरायची, वर नवी स्वच्छ माती टाकून चोपायची. हे काम गावच्याच माणसांनी केलं, मजुरी घेऊन, तोंडाला मास्क बांधून. खोल्यांच्या आतली साफसफाई बायकांनी केली, कारण परक्या पुरुषाला आत जाता येत नाही. एक माणूस हातात बंदुकीसारखं दिसणारं, मातीतलं शिसं मोजणारं एक्सआरएफ यंत्र घेऊन जमिनीला टेकवत पुढे जायचा आणि आकडा वाचून खुणा करायचा, इथे अजून खणा, इथे झालं. तेव्हा मुलं खेळतात त्या जागेसाठी अमेरिकेची मर्यादा दर दहा लाख भागांत ४०० भाग शिशाची होती. दारेता-यारगलमाच्या पाहणीत ८५ टक्के आवारांत माती त्याच्या वर होती.

माती बदलल्यावर औषध सुरू झालं आणि मग या यंत्राचं खरं मोल दिसायला लागलं. त्याच मुलाचा दुसरा, तिसरा आकडा खाली यायचा. पटकन नाही. शिसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं रक्तात उतरत राहतं, त्यामुळे कोर्सनंतर आकडा थोडा पुन्हा चढतो, मग पुन्हा कोर्स. झाम्फारात पहिल्या वर्षभरातच १,१५६ मुलांना मिळून ३,१८० कोर्स द्यावे लागले होते. एखाद्याचा आकडा कोर्स संपूनही उतरेना, तेव्हा आम्हाला कळायचं की त्याच्या घरात दगड पुन्हा आलाय. सरकारने खाणकामावर बंदी घातली होती, पण बंदीने शेतात पीक येत नाही. लोक रात्री दगड आणायचे आणि खोलीत दडवायचे, म्हणजे पूर्वी अंगणात उडणारी धूळ आता बंद खोलीत. त्या कुटुंबाला रागावून काही उपयोग नव्हता. दगड गावाबाहेर दळा, पाणी मारून ओला करून दळा, कामाचे कपडे बाहेरच बदला, हात धुऊन मुलाला घ्या, एवढं ऐकलं गेलं तरी पुढचा आकडा खाली यायचा.

विट्यात मी हे यंत्र आणायचा आग्रह धरला तो गलाईवाल्यांसाठी. आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातली हजारो माणसं देशभर सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. जुने दागिने गाळणं वेगळं आणि सराफाची माती गाळणं वेगळं. माती म्हणजे दुकानातला झाडलोटीचा कचरा, पॉलिशची धूळ, मुशींचे तुकडे. त्यातलं सोनं-चांदी धरायला भट्टीत शिसं घालतात, मग ते शिसं जाळून उडवतात. उडालेलं शिसं खोलीतच बसतं. खाली भट्टी आणि वर माळ्यावर बायकापोरं, असं कितीतरी ठिकाणी आहे. बागेगाच्या अंगणात आणि त्या माळ्याखालच्या खोलीत मला फरक दिसत नाही.

मागच्या दिवाळीत एक गलाईवाले सुट्टीला आले होते. सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. बायको सांगायला लागली, “ताई, ह्यांचं पोट सारखं कळा मारतंय, सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, काय सापडंना. औषधं घेऊन घेऊन थकले.” पोटात कळा, बद्धकोष्ठता, हिमोग्लोबिन कमी, आणि धंदा मातीचा. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारून मी बोट धुवायला घेतलं. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये करडं उतरलं, म्हणून पुन्हा धुतलं. आकडा ५२. मग मुलीचं घेऊ का असं विचारलं. तो म्हणाला, “तिचं कशाला? ती भट्टीपाशी येतच नाही.” मुलीचा १९.

मोठ्या लॅबमधून दोघांचेही आकडे पडताळून घेतले, जवळपास तेच आले. त्यांना डॉक्टरकडे पाठवलं, आणि मी भट्टीचे प्रश्न विचारायला बसले. धुराडं आहे का, माती कुठे चाळता, चाळताना ओली करता का, कामाचा शर्ट कुठे काढता, जेवायला कुठे बसता. माती खोलीतच चाळायचे आणि तोच शर्ट घालून मुलीला उचलून घ्यायचे. शेवटी त्यांनी ठरवलं की मातीचं काम भाड्याच्या दुसऱ्या गाळ्यात न्यायचं आणि बायकोने माळा ओल्या फडक्याने पुसून काढायचा, झाडूने नाही. अक्षय्य तृतीयेला आले तेव्हा मुलीचा आकडा ११ होता. ११ चांगला नाही, अजून खाली यायला हवा. मुलीला वेळेवर जेवण, पालेभाजी, दूध, लोहाची गोळी चालू आहे, कारण अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर मूल शिसं जास्त शोषतं. औषध या पातळीला देत नाहीत. या पातळीला औषध म्हणजे तो दुसरा गाळा.

घ्यायचं म्हणणाऱ्या लॅबवाल्यांसाठी आता व्यवहाराचं. किटमध्ये ४८ तपासण्यांचं सामान असतं आणि खरा खर्च यंत्रापेक्षा किटचा आहे. महिन्याला चार-पाचच तपासण्या होणार असतील तर मुदत संपून पट्ट्या वाया जातील. अशा वेळी शेजारच्या दोन-तीन लॅबनी मिळून एकीकडे यंत्र ठेवावं, आम्ही तसंच करतो. किट मागवताना पुरवठादाराला लॉट क्रमांक आणि मुदत आधी विचारा, आणि तो लॉट परत घेतलेल्या यादीत नाही ना ते ऑर्डर देण्याआधी तपासा. शिरेतलं रक्त यावर चालवू नका, नमुना बाहेरून आला असेल तरी नाही. ३.३ च्या आसपासच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका, हे यंत्र वाढलेलं शिसं पकडायला चांगलं आहे, थोड्या फरकांची तुलना करायला नाही. रिपोर्टवर ‘बोटातील रक्त, प्राथमिक तपासणी’ असं स्पष्ट छापा.

आणि कुणाची तपासणी करायची याची यादी करा. मातीवाले गलाईवाले, त्यांची लहान मुलं, घरात दिवस गेलेली बाई असेल तर ती पहिली. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारे. आपल्या गावात असे कोण आहेत ते डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. सुट्टीचे दिवस धरा, कारण गलाईवाला दिवाळीला, जत्रेला आणि लग्नसराईलाच गावी सापडतो. त्या आठवड्यात किट ताजं आणि मुदतीतलं लागतं, म्हणून ऑर्डर महिनाभर आधी द्या.